तीन मालक, एक विहीर आणि माझा पायथन

भाऊबीजेला भावानं विचारलं, "ताई, औंदा साडी कुठल्या रंगाची घेऊ?" मी म्हटलं, "साड्या ट्रंकेत मावंनात बाबा. त्यापेक्षा तो कोपऱ्यात पडलेला कॉम्प्युटर दे."

शिरूरला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कोपऱ्यातलं ते धूड कुणी गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलं होतं, ते पुन्हा फिरकलंच नव्हतं. वाट बघून बघून भावानं शेवटी त्याच्यावर मनीप्लँटची बाटली ठेवली होती. दोन हजार साल उलटून गेलं होतं, पण आमच्या भागात कॉम्प्युटर अजून नवलाचा होता, आणि जड म्हणाल तर जात्याएवढा. भाऊ हसला, पण नाही म्हणाला नाही. बहिणीला भाऊबीजेला नाही म्हणायची टाप कुणाची असते?

न्हावऱ्यावरनं, भीमेचा पूल ओलांडून, टेम्पोत पुढं बसून, मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन मी सासरी राहूला आले. वेशीत एका म्हातारीनं विचारलं, "लेकीचं पोर व्हय गं? नातू का नात?"

मी म्हटलं, "अजून डोळं उघडलं न्हाईत. कळवते."

भावानं त्यात पायथन नावाची भाषा घालून दिली होती आणि सोबत एक जुना प्रिंटर आणि एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स. "सोपी हाय ताई, वाच आन् कर," एवढीच काय ती शिकवणी. माझं शिक्षण दहावी, तेही हळद लागायच्या आधी कशीबशी परीक्षा देऊन. पण वेळ होता. लेक सासरी गेली होती, दुपारची भांडी झाली की घर माझंच. सासूबाईंनी विचारलं, "पायथन म्हंजी काय गं?" मी म्हटलं, "अजगर, आत्या." त्या म्हणाल्या, "बरं झालं. कोठीत उंदरं लय झाल्यात."

पुस्तकाचा पहिला अर्धा भाग मी रेटत रेटत पार केला. या भाषेला शिस्तीचं फार वेड. ओळ चार घरं आत सरकवायची म्हणजे सरकवायचीच, एक घर कमी पडलं की सगळं काम बंद आणि वर तक्रार. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मी इतकी वर्षं काढलेली, मला त्याचं काही वाटलं नाही. खरी मजा पुस्तकाच्या मध्यावर सुरू झाली. फंक्शन म्हणजे एकदा समजावून ठेवलेलं काम. पुन्हा नुसती हाक मारायची, की ते मुकाट्यानं करून आणतं. असं आमच्या घरात एकही माणूस नव्हतं, म्हणून मला ते फारच आवडलं. मग ट्राय आणि एक्सेप्ट. म्हणजे करून बघ, आणि बिनसलं तर बोंबलत बसू नको, हे हे कर. लग्नाच्या आधी पोरींना एवढंच शिकवलं तरी पुष्कळ झालं.

डिक्शनरी कळायला मला गोठ्यात जावं लागलं. दावणीला खुंट्या असतात ना, तशा खुंट्या. प्रत्येक खुंटीला एक नाव, आणि एका खुंटीला एकच जनावर. नाव सांगितलं की त्या खुंटीचं जनावर पुढ्यात हजर. मात्र त्याच नावाच्या खुंटीला तुम्ही दुसरं जनावर बांधलंत, तर पायथन पहिल्याचं दावं सोडून देतो. विचारत नाही, ओरडत नाही. पहिलं कुठं गेलं म्हणाल, तर गेलं. हे मी वाचलं होतं बरं का. वाचलं होतं, खाली पेन्सिलीनं रेघही मारली होती.

आणि मग आला क्लास. क्लास म्हणजे साचा, इथपर्यंत ठीक. एका साच्यातनं पाहिजे तेवढ्या वस्तू काढायच्या, हेही कळलं. पण जिथं तिथं एक self म्हणून शब्द. हा self कोण? एका पानावर तो गाडी होता, पुढच्या पानावर तोच कुत्रा. एकाच पानावर दोन गाड्या होत्या, तर दोन्हींचं नाव self! केडगावच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांना जाऊन विचारलं. ते बिचारे म्हणाले, "बाई, आम्ही टायपिंग शिकवतो. हे आमच्यात न्हाई." मी ते पान दुमडून ठेवलं. म्हटलं, self असला तर असू दे, त्याच्यावाचून माझं काही अडत नाही.

अडलं. कसं, ते आता सांगते.

आमची विहीर सासऱ्यांनी खांदलेली. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, आम्ही सुना मामा म्हणायचो. त्यांचे तीन मुलगे: थोरले दीर, मधले आमचे मालक आणि धाकटे दीर. तिघांच्या चुली वेगळ्या झाल्या, विहीर मात्र एकच राहिली, मोटारही एकच. पाण्याच्या पाळ्या लावलेल्या. पण पाळ्या लावून काय होतं? मोटारीला थ्री फेज लाईट लागते, ती एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मधूनच गुल. तुमच्या पाळीत लाईट गेली, तर राहिलेलं पाणी पुढं कुणाच्या वाट्यातनं काढायचं? यावरनं आमच्या घरात जेवढं भांडण झालंय, तेवढं दुसऱ्या कशावरनं झालं नाही.

त्या भांडणात आदल्या वर्षी धाकट्या जावेचा कांदा मेला. कांद्याचं रोप लावलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकं पाणी द्यावं लागतं, त्याला आंबवणी म्हणतात. आंबवणी चुकली की रोप मान टाकतं आणि मग इंद्रदेव आला तरी उठत नाही. भावाभावांचं 'पाळी माझी, पाळी माझी' चालू असताना हिच्या वाफ्यात नुसत्या काड्या उरल्या. औंदा तिनं पुन्हा रोप टाकलं, रोज सांजच्याला झारीनं पाणी घालून वाढवलं आणि शुक्रवारी लावणही केली. माझ्याकडं येऊन म्हणाली, "आक्का, औंदा बी कांदा गेला तर मी हितं ऱ्हायची न्हाई. वाघोलीला कुठल्यातरी कंपनीत ह्यांना वॉचमन लावीन, दोघं पत्र्याच्या खोलीत ऱ्हाऊ. पर ह्या विहिरीचं तोंड बघायची न्हाई."

ती बोलली तशी करणारी होती. आणि ती गेली असती तर मला त्या वस्तीवर बोलायला कोण होतं? थोरली जाऊ? ती बोलायची, पण ऐकायची नाही. तेव्हा मी म्हटलं, "थांब. पाळ्यांचा कागद मी काढते. कॉम्प्युटरात. त्याला ना दीर, ना जाऊ."

मी प्रोग्रॅम लिहिला. तो आधी घराचं नाव विचारायचा, मग कुठल्या पिकाला किती निकड ते विचारायचा, सगळं डिक्शनरीत टांगायचा आणि आठवडाभराच्या पाळ्या काढून द्यायचा. ज्याची निकड जास्त, त्याला आधी पाणी. मी एकटीनं तीन-चारदा चालवून बघितला. नावं टाकली thorle, malak, dhakte. दर वेळेला कांद्याची पाळी सोमवारी पहिली. माझा आनंद मावेना.

आता तुम्ही विचाराल, सरळ नावंच का नाही टाकली? तर बाबांनो, आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते तेवढंच. एरवी 'मालक', 'हे', 'आवं ऐकलं का'. रेशनकार्डाच्या साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारणीला पुढं करायचं. सासऱ्याचं आणि थोरल्या दिराचं नाव तर सोडाच, त्या नावाचा महिना असला तर महिन्यालाही दुसरं काहीतरी म्हणायचं. ती सवय बोटांतही उतरलेली असते. जीभ जे म्हणत नाही, ते बोट कशाला टाईप करील?

रविवारी दुपारी दोन्ही जावांना बोलावलं. 'मधलीनं आपल्याच बाजूनं कागद काढला' असं नको म्हणून म्हटलं, आपापलं आपण टाका. तिघींनाही इंग्रजी अक्षरं येत होती. माझं मी आधी टाकलं आणि थोरलीला बसवलं. तेवढ्यात आतनं सासूबाई ओरडल्या, "अगं ए, दूध उतू चाललंय, अजगर काय करतोय तुझा?" मी चुलीकडं पळाले. परत येईतो दोघींचं टाकून झालेलं. मी बटण दाबलं, प्रिंटर खरखरला, तीन कागद निघाले आणि लाईट गेली. आमच्या माजघराला खिडकी नाही. अंधारातच एकेक कागद फाडून हातात दिला.

दोघी दारात जाऊन उजेडात आपापला कागद वाचू लागल्या. वाचला आणि एकमेकींना न दाखवता दोघींनीही घडी करून कंबरेला खोचला. थोरली म्हणाली, "छान हाय गं तुझी मशीन." आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या कशाला तरी छान म्हटलं होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. धाकटी माझा हात दाबून गेली. माझा कागद मालकांनी उचलला, बाहेर नेला, परत आले ते शीळ घालतच. मी विचारलं, "काय लिहिलंय?" तर म्हणाले, "ठीक हाय." कागद त्यांच्या खिशात.

सोमवारी सकाळी दिवसाची लाईट आली तशी तिघे भाऊ तीन बाजूंनी फावडी घेऊन विहिरीवर हजर. मामा मोटारीच्या खोलीपाशी बाभळीखाली बसलेले. आरडाओरडा ऐकून आम्ही तिघी जावाही पोचलो, मागनं सासूबाई.

धाकटे दीर कागद नाचवत म्हणत होते, "दादा, पाणी माझं हाय. ह्यो बघा कागद. आख्खा आठवडा!"

"कागद मलाबी वाचता येतो," थोरले म्हणाले. "हे काय लिवलंय? सोमवार मालक. मंगळवार मालक. बुधवार मालक. आमच्या घरात मालक मी हाय का तू?"

आमचे मालक मधे घुसले, "दादा, मशीन चालवली कुणी? माझ्या बायकूनं. मग तिचा मालक कोण?"

मामा बाभळीखालनं म्हणाले, "व्हय रं, विहीर मी खांदली. मी जित्ता हाय आन् तिघं मालक झालात?"

मी विचारलं, "ताई, तुम्ही नावाच्या जागी काय टाईप केलं?"

थोरली म्हणाली, "मालक. मग काय त्येंचं नाव टाकू व्हय?"

"आणि तू गं?"

"मीबी मालकच, आक्का," धाकटी म्हणाली.

आणि मी? मीही मालकच. तिघींनी एकाच खुंटीला जनावर बांधलं होतं. माझं थोरलीनं सोडलं, थोरलीचं धाकटीनं सोडलं, आणि पायथननं त्याच्या रिवाजाप्रमाणे हूं का चूं केलं नाही. खुंटीला राहिली एकटी धाकटी. आठवड्याला एकच घर, म्हणून सगळा आठवडा त्या एका घराला.

मी हे खुंट्या-दावी धरून सगळ्यांना सांगितलं. सगळं ऐकून थोरल्या जाऊबाई कडाडल्या, "म्हंजी आठ दिस पाणी हिच्या कांद्याला? कांदा लावलाय का भात?"

"आठ दिस नको बाई," धाकटी म्हणाली, "मला आजचं आंबवणीचं द्या. लाईट चाललीय बघा."

लाईट खरंच चालली होती. मोटार सुरू, पाणी हौदात पडून वाया, आणि दांडाचं, म्हणजे पाण्याच्या पाटाचं, दार कुठल्या बाजूला फोडायचं यावर तीन फावडी अडून बसलेली. ऊन चढलं होतं. बांधापलीकडं धाकटीचे वाफे दिसत होते, हिरव्या रेघा आताच पिवळट मारू लागल्या होत्या. थोरले दीर अडूनच बसले. "ह्या कागदावर तुज्या नवऱ्याचं नाव कुठं हाय? नाव दाखवा आन् पाणी न्या. मालक तर मीबी हाय."

धाकटीनं पदर खोचला. मला वाटलं रडणार. ती दांडावर चढून उभी राहिली आणि शाळेत हजेरी देतात तसं खणखणीत आवाजात नवऱ्याचं नाव घेतलं. उखाणा नाही, लाजणं नाही. नुसतं नावही नाही. आधी त्यांचं, मग बापाचं, मग आडनाव, सातबाऱ्यावर असतं तसं पूर्ण. "...ह्येंचा कांदा हाय. नाव सांगितलं. आता फोडा दांड!"

धाकट्या दिरांच्या हातातलं फावडं खाली आलं. थोरल्या जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. सासूबाई एकदम चिखलातच बसल्या, कारण पूर्ण नाव म्हणजे त्यात मामांचंही नाव आलं होतं, आणि ते त्यांनी स्वतः कधी लग्नात घेतलं असेल तेवढंच. सुनेनं ते चारचौघांत, मामांच्या तोंडावर घेतलं होतं.

सगळे मामांकडं बघायला लागले. म्हातारा कानामागं खाजवत म्हणाला, "पुन्यांदा म्हण गं."

"मामा..." धाकटी आता मात्र घाबरली.

"अगं म्हण. मला समदी आबा म्हणत्यात, तुमची सासू तर म्हणतीच न्हाई काही. आई गेल्यापसनं त्या नावानं हाक कुणी मारली न्हाई. मीच इसरलो हुतो." आणि मग थोरल्याकडं वळून, "काय बघतोस? नाव सांगितलंय तिनं. तुज्या बापाचंबी सांगितलंय. फोड दांड."

दांड फोडला थोरल्यांनीच. पाणी कांद्यात शिरलं, सरीसरीनं पुढं सरकत शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं, आणि मग लाईट गेली. धाकटी पाण्यातच उभी होती.

त्या दुपारी मी झेरॉक्सचं दुमडलेलं पान उघडलं आणि एकटीच मोठ्यानं हसले. थोरली आपल्या घरात मालक म्हणते तेव्हा तिचे मालक. मी म्हणते तेव्हा माझे. तिघीही बरोबरच असतो, आपापल्या उंबऱ्याच्या आत. घोटाळा होतो तो तिघींना एका ओसरीवर आणून बसवलं की. हेच की ते self! ज्या घरात उभं राहून बोलाल, त्या घराचं. मग दोन गाड्यांचं नाव self असलं तर बिघडलं कुठं? मी घराचा क्लास लिहिला, त्यातनं तीन घरं काढली, आणि प्रत्येकीचा self.malak तिच्या तिच्या घरात. कागदावर मालक छापायचंच नाही, पीक छापायचं, हे जरा उशिरा सुचलं, पण सुचलं. पुढच्या आठवड्याला जावांनी पुन्हा मालकच टाईप केलं, आणि कागद आला: सोमवार कांदा, मंगळवार थोरल्यांचा ऊस, बुधवार आमचा गहू. थोरल्या जाऊबाईंनी उलटसुलट करून वाचला आणि म्हणाल्या, "मागच्या बारीची मशीन बरी हुती."

सासूबाईंनी चौथं घर काढायला लावलं. परसात त्यांची मेथी होती. नाव काय टाकू म्हटलं, तर इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "तू आपलं मालकच टाक. मला पुन्यांदा चिखलात बसायचं न्हाई."

कांदा चांगला आला. धाकटी वाघोलीला गेली नाही, तो विषयही पुन्हा निघाला नाही. पण एकदा घेतलेलं नाव तिच्या तोंडात बसलं ते बसलंच. एकदा घेऊन काही आभाळ कोसळलं नाही म्हटल्यावर तिनं थांबायचं कशाला? बांधावरनं नावानं हाक, गोठ्यातनं नावानं हाक, पाहुणे बसलेत तरी नावानं हाक. बैल सोडा, बाजरी आणा, नळी बदला. वस्तीवरच्या दुसऱ्या बाया आधी कानावर हात ठेवायच्या, मग हळूच शिकायला लागल्या.

काढणीच्या सुमारास धाकटे दीर एकदा माझ्या दारात येऊन उभे राहिले. पायरीवर बसले, घसा साफ केला.

"वहिनी, तुमच्या मशीनीनंच ह्ये सुरू झालं."

"मग?"

"न्हाई, म्हटलं, त्यात असं काही बटण असतंय का? म्हंजी एकदा घेतलेलं नाव माघारी घ्यायचं? नाव घेतल्यापसनं लय काम सांगती ओ."

मी स्क्रीनकडं बघितलं. पायथनमध्ये आज्ञा आहे तशी. del लिहायचं आणि पुढं नाव, की नाव पुसलं. मी म्हटलं, "न्हाई ओ भावजी, असलं काही अजून निघालं न्हाई." तेवढ्यात बांधावरनं हाक आली, पूर्ण नावानं, आणि ते फावडं उचलून पळाले.